लळा लावू नये

१२ जून

पोरी,

परवा जावईबापूंचा फोन आला. तुझं लहानपणीचं लशींचं कार्ड माझ्याकडे आहे का, म्हणून विचारत होते. तुला सांगून फोन केला की चोरून, ते मी विचारलं नाही. तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा तुझ्या घरात कोण कोणाला विचारून काय करतं यात मी नाक खुपसणं बरं दिसत नाही. कार्ड सापडलं, सोबत पाठवते आहे. एक कोपरा वाळवीने खाल्लाय, तारखा शाबूत आहेत.

कार्डावरचे शेरे माझ्याच अक्षरात आहेत. 'वजन ठीक. तक्रार नाही. शहाणी.' अनाथालयाच्या शिशुगृहातल्या तीसही बाळांच्या कार्डांवर मी हेच लिहायची, तुझ्या कार्डावर वेगळं कशाला लिहू? मी तिथली मुख्य परिचारिका, तुझे बाबा ट्रक घेऊन महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर, म्हणून माझंच मूल नऊ नंबरच्या पाळण्यात. आणि बारा आया डोळ्यांत तेल घालून बघतायत, की बाई स्वतःच्या पोरीला जास्तीचं काय देतात. काहीही जास्तीचं दिलं नाही. हे मी तुला लहानपणापासून अभिमानाने सांगत आले. आणि तू त्या दिवशी जेवता जेवता ताट बाजूला सारून म्हणालीस, "तुझ्या घरात मला काहीच वाटत नाही, आई. रागसुद्धा येत नाही." आणि उठून गेलीस. असो. तो विषय नको.

एक गोष्ट मात्र कळली. जावईबापू म्हणाले, आमचं बाळ फार शहाणं आहे, पाच महिन्यांचं झालं, पण चार-चार तास एकटं पडून असतं, हूं नाही की चूं नाही. तुमचंच वेळापत्रक चालवतो आम्ही, म्हणाले. आयांसाठी मी टाइप करून घेतलेला तो सूचनांचा कागद तू नेलास होय? मला वाटलं रद्दीत गेला. माझ्याशी बोलायचं नाही आणि माझा कागद भिंतीला लावायचा, धन्य आहे तुझी. खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटलं.

त्यांनी बाळाचा व्हिडिओही पाठवलाय. नात गोड आहे. कपाळ तुझ्या बाबांचं. बाकी काही नाही.

आई

ता. क. व्हिडिओ किती वाजताचा आहे? दूध पिऊन किती वेळ झाला होता? जावईबापूंना कळवायला सांग.


१७ जून

पोरी,

तुझं उत्तर येणार नाही हे मी धरून चालले होते, तरी लिहिते आहे.

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. तेवीस सेकंदांचा आहे. बाळ पाठीवर पडलंय. जावईबापू खुळखुळा वाजवून 'इकडे बघ, इकडे बघ' म्हणतायत. ती पंख्याकडे बघतेय. मग डावीकडून तू येतेस, तुझी फक्त बाही दिसते, खिडकी लावतेस आणि जातेस. ती तुझ्याकडेही बघत नाही. पाच महिन्यांच्या मुलाला आईची नुसती बाही दिसली तरी ते हातपाय झाडून अंथरूण गोळा करतं. ही पंख्याकडे बघत राहिली.

ही नजर माझ्या ओळखीची आहे. शिशुगृहाच्या मोठ्या खोलीत तीन पंखे होते, आणि तीस बाळं त्या तीन पंख्यांकडे बघत पडलेली असायची.

उगाच आडवळणाने कशाला सांगू? तिला उचल. भूक लागली म्हणून नाही, घड्याळात वाजले म्हणून नाही, उगीच उचल. कुरकुरली तर उचल, नाही कुरकुरली तर दोनदा उचल. आणि त्या कागदावरची चौथी सूचना खोडून टाक. तुला पाठ असेल, मलाही आहे. 'बाळ रडल्यास लगेच उचलू नये. एकाच बाळाला वारंवार घेऊ नये. गाणं म्हणू नये. लळा लावू नये.' मीच लिहिली, मीच सांगते आहे की खोड. कारण विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

इथे माझं बरं चाललंय. फक्त दुपारी दोन ते चार मी नळ थोडा सोडून ठेवते, रेडिओ लावते. निवृत्त झालेल्या परिचारिकांना घरी बसल्या बाळ रडल्याचे भास होतात म्हणे. मला न रडल्याचे होतात. सगळी खोली जागी आहे आणि कोणी रडत नाहीये, असं वाटतं, आणि मग मला खुर्चीत बसवत नाही.

आई


२ जुलै

पोरी,

तुझा निरोप जावईबापूंनी आढेवेढे घेत का होईना, पण जसाच्या तसा पोचवला. "कोणत्या तोंडाने सांगतेय ती?" असं म्हणालीस ना? याच तोंडाने. दुसरं आणू कुठून?

तुला कारण हवंय. ठीक आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी चार नंबरच्या पाळण्यात एक मुलगी होती. एका आयाबाईचा तिच्यावर फार जीव. दिवसभर कडेवर. मुलीला तिच्याशिवाय घास उतरायचा नाही. दहा महिन्यांची झाली आणि दत्तक गेली. घर चांगलं होतं, माणसं देवासारखी. नवव्या दिवशी ती माणसं रडत तिला परत घेऊन आली. पाण्याचा थेंब घेत नव्हती. तोवर ती आयाबाई लग्न होऊन दूर निघून गेली होती. आम्ही सुया टोचून तिला जगवलं. पण दारात कोणीही आलं की ती मान उचलायची, बघायची आणि मान टाकायची. दिवसातून पन्नास वेळा.

ते माझ्याच्याने बघवलं नाही. मी ठरवलं की लळा लागलाच नाही, तर तुटायचा प्रश्न येणार नाही. म्हणून चौथी सूचना. म्हणून दर तीन आठवड्यांनी प्रत्येक आयाच्या वाट्याची पाळण्यांची रांग बदलायची. दुष्टाव्याने केलं नाही गं. मला वाटलं मी त्यांना वाचवतेय. आणि जमलंही. सहा महिन्यांत खोली गप्प झाली. पाहुणे यायचे, म्हणायचे, काय शिस्त आहे, काय शहाणी बाळं आहेत. मी पदर सावरून उभी.

तू दोन वर्षांची असताना एक नवी डॉक्टरीण तपासणीला आली. अगदी कोवळी होती, हातातली बॅगही नवीकोरी. दुपारचे अडीच झाले होते. ती दारातच थबकली आणि म्हणाली, सगळी झोपलीत का? मी ऐटीत सांगितलं, नाही, सगळी जागी आहेत. तिचा चेहराच उतरला. एकेका पाळण्यावर वाकून तिने तोंडं बघितली. मग मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "सिस्टर, ही शहाणी नाहीत. हाक मारून कोणी येत नाही हे कळलं की मूल हाक मारायचं सोडतं. यांनी सोडलंय."

कालची पोर मला शिकवणार, म्हणून मी तिला झाडलं. वर तक्रार केली, तिचं येणं बंद झालं. पण पोरी, मला ते त्याच क्षणी पटलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. पटलं होतं, आणि तरी पुढची पाच वर्षं तो कागद भिंतीवर तसाच होता. तो काढला असता तर आधीच्या पाळण्यांचं काय, असं कोणीतरी विचारलं असतं. नऊ नंबरचं काय, असं मला स्वतःलाच विचारावं लागलं असतं.

कारण मिळालं? आता तिला उचल.

आई


९ ऑगस्ट

पोरी,

काल जावईबापू फोनवर रडले. त्यांनी सांगितलं की तू महिनाभर तिला घेतेयस, पण ती कडेवर काठीसारखी ताठ होते, मान वळवते, तुला धरत नाही. आणि काल तू तिला खाली ठेवून म्हणालीस, "हे माझ्यात नाहीच. मला कोणाचा लळा लागलेला नाही, मी कोणाला काय लावणार? दुसरं कोणी बघा हिला सांभाळायला."

म्हणून आज मी हे लिहिते आहे, नाहीतर हे माझ्याबरोबरच गेलं असतं.

तुझ्यात होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

शिशुगृहात एक आयाबाई होती. सगळ्या तिला ठेंगणी म्हणायच्या. पाळण्याच्या कठड्यावरून हात पोचत नसे, म्हणून बगलेत पाट घेऊन फिरायची, पाट टाकायची, त्यावर चढायची आणि मग बाळ घ्यायची. तिची दुपारची पाळी, दोनला यायची. मी ऑफिसात गेले की ती तुला काढायची. रांग तिची असो नसो. गाणंही म्हणायची, बेसूर. तू तेव्हा आठ महिन्यांची. मला महिनाभर पत्ताच नव्हता. आयांनी सांगितलं नाही, त्यांनाही मजा वाटत असणार.

दोन वाजले की तू दाराकडे तोंड करायचीस. घड्याळ कळत नव्हतं, पण पाटाचा आवाज कळायचा. तो आला की अशी खिदळायचीस की शेजारच्या पाळण्यातली बाळंही चमकून बघायची. आंघोळ तिच्याच हातची, दूध तिच्याच हातचं. दुसरीने बाटली धरली तर तू फेकून द्यायचीस. माझ्यासारखीच हट्टी, पण तो हट्ट माझ्यासाठी नव्हता.

एक दिवस मी अवेळी खोलीत आले. तू तिच्या कडेवर. मी हात पुढे केले. पोरी, तू माझ्याकडे बघितलंस, तोंड फिरवलंस आणि तिच्या मानेत खुपसलंस. बारा आयांसमोर. ती बिचारी घाबरून म्हणाली, बाई, भूक लागलीय तिला म्हणून असं करतेय. कोणीतरी तोंडाला पदर लावून हसलं.

दुसऱ्या दिवशी मी ठेंगणीला कामावरून काढलं. कागदावर लिहिलं, शिस्तभंग. शिस्तभंग कसला आलाय? माझ्या पोटात आग पडली होती.

त्यानंतर अकरा दिवस. रोज दोन वाजता तू कठडा धरून उभी राहायचीस, नुकतीच उभी राहायला शिकली होतीस. दार उघडलं की हसायला तोंड उघडायचीस आणि दुसरंच माणूस दिसलं की रडायचीस. पहिले चार दिवस तर थांबलीच नाहीस, आवाज बसला, बसलेल्या आवाजात रडलीस. मी तुला घेतलं नाही. बाराव्या दिवशी दोन वाजले, दार उघडलं, आणि तू मान वळवली नाहीस. त्या दिवशीचा शेरा कार्डावर आहे. मी पाठवलेलं कार्ड काढ, तारखा जुळव. 'त्रास थांबला. शहाणी.'

तुला माझ्या घरात काही वाटत नाही, हा तुझा दोष नाही. तो माझा आहे. तुझ्यात सगळं होतं, भरभरून होतं, मी ते दोन वाजताच्या दारात वाळू दिलं.

तुझी मुलगी ताठ होते कारण तिला अजून खात्री नाही. तिला तूच घे, रोज, तेच हात, तोच वास, तोच आवाज. गाणं येत नसेल तर बेसूर म्हण. आठवडे लागतील. दुसऱ्या कोणाकडे देऊ नकोस, आणि माझ्याकडे तर मुळीच नको.

आई


२६ ऑगस्ट

पोरी,

तुला फक्त एवढंच हवंय म्हणे, की ठेंगणी जिवंत आहे का आणि कुठे राहते. जिवंत आहे. शोधायला मला दहा दिवस लागले, जुन्या तीन आयांना फोन केले, त्यातल्या एकीने माझा आवाज ओळखून फोन ठेवून दिला. पत्ता मागे लिहिलाय. भाच्याकडे राहते, कपडे इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या मागची खोली. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे.

तू तिच्याकडे जाशील आणि माझ्याकडे येणार नाहीस, हे मला कळतंय. जा. मी तिला अजून फोन केलेला नाही. धीर होत नाही.

आई


१४ नोव्हेंबर

पोरी,

आज ठेंगणीचा फोन आला. चौतीस वर्षांनी. ना नमस्कार, ना चमत्कार, एकदम म्हणाली, "बाई, तुमची नऊ नंबर येऊन गेली."

तू तिला सांगितलं नसशील की मला कळव, तिचं तिनेच ठरवलं. म्हणून रागावू नकोस तिच्यावर. तिने सगळं सांगितलं. तू दारात उभी होतीस, आणि तिने तुला कपाळावरून ओळखलं. मला नवल वाटलं नाही. मग तिने बाळाला घ्यायला हात पुढे केले. दहा महिन्यांची झाली ना आता? बाळाने म्हणे तिच्याकडे एकदा बघितलं, ओठ काढले आणि जो भोंगा पसरला, की पुढच्या दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली. तुझ्या खांद्यावर चढायला लागली, तुझे केस मुठीत धरून. ठेंगणी हात मागे घेऊन हसत सुटली. म्हणाली, "बाई, पोर तिला सोडायला तयार नाही. केस तुटत होते, तरी तुमची लेक जागची हलली नाही. नुसती उभी राहून रडत होती, आणि बाळ पण रडत होतं, आणि मग मी पण."

मी फोन कानाला लावून खाली बसले. पोरी, मी आयुष्यात हजार बाळांची वजनं घेतली, पण कोणाच्या रडण्याने मला असा आनंद झाला नव्हता. मला तिचा तो भोंगा ऐकायचा होता. मी ठेंगणीला चक्क विचारलं, किती मोठ्याने रडली? ती म्हणाली, लई मोठ्याने.

मग मी तिला म्हणाले की माझं चुकलं. इतक्या वर्षांचं साठलेलं, नीट बोलताही आलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला काय सांगता, बाई. मला महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली. तिला दुसरी मावशी नाही मिळाली." रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं.

मी काही मागत नाही. तुम्ही दोघी बऱ्या आहात, एवढं मला पुरे. हे लिहिताना दुपारचे तीन वाजलेत आणि नळ बंद आहे. शिशुगृहाची ती खोली अजून गप्पच आहे. ती काही मला सोडणार नाही, आणि सोडूही नये.

आई


२ डिसेंबर

पोरी,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं. एकच ओळ आहे. 'मी अकरा दिवस रडत होते, तेव्हा तुझे हात काय करत होते?'

चार दिवस मी उत्तर लिहिते आहे आणि फाडते आहे. आधी लिहिलं की मी कामात होते, तीस बाळं होती, औषधं द्यायची होती. फाडलं. मग लिहिलं की मी ऑफिसात होते, आवाज येत नव्हता. तेही फाडलं, कारण ते खोटं आहे.

मी खोलीतच होते. अकराही दुपारी. तुझ्या पाळण्यापासून चार पावलांवर कपड्यांचं टेबल होतं, तिथे तुझ्याकडे पाठ करून उभी होते, आणि दुपट्यांच्या घड्या घालत होते. ते माझं काम नव्हतं, आयांचं होतं. एका पाळीला साठ दुपटी, जेमतेम अर्ध्या तासाचं काम. साठ झाली की मी सगळी विस्कटायची आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घ्यायची. आया एकमेकींकडे बघायच्या. तुझा आवाज चढला की मी हातातलं दुपटं पिळून धरायची, पाणी नसलेलं दुपटं. हात रिकामे ठेवले असते तर ते तुझ्याकडे गेले असते, म्हणून रिकामे ठेवले नाहीत. तू ठेंगणीसाठी रडत होतीस. तू दमशील आणि मग माझ्याकडे येशील, असं मला वाटत होतं. मी तुझी वाट बघत होते गं.

बाराव्या दिवशी आवाज आला नाही. मी दुपटं खाली ठेवलं, वळले, पाळण्यापाशी आले आणि दोन्ही हात पुढे केले. तू माझ्या हातांकडे बघितलंस, बराच वेळ, कोणाचे आहेत ते न कळल्यासारखं. मग कूस बदललीस.